किनाऱ्यावरच्या घराचे छप्पर कोणाकडून घालून घ्यावे?

वाचकाचे पत्र : आमचे घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. भिंती चिऱ्याच्या, वासे लाकडी आणि वर मंगळुरी कौले. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात पुढच्या पाख्याची बरीच कौले उडाली आणि पडवीवर माड पडला. तेव्हा केलेली डागडुजी आजवर टिकली, पण आता काही वासे वाळवीने पोखरले आहेत आणि वानरांच्या उड्यांनी दरवर्षी कौले फुटतात. आईबाबा तिथेच राहतात. दोघांचीही सत्तरी उलटली आहे. मी ठाण्याला असते, भाऊ बंगळूरला. यंदा छप्पर नवे करायचे ठरवले आहे. आमचे मूळ छप्पर ज्यांनी घातले त्या सुतारांचे चिरंजीव गावातच कंत्राटे घेतात. ते म्हणतात, खराब लाकूड बदलू, कौले उतरवू आणि त्याच वाशांवर पत्रा टाकू; खर्च “तीन-सव्वातीन लाख, करता करता बघू”. पुण्याच्या एका फॅब्रिकेटरने लोखंडी सांगाडा आणि रंगीत पत्रा यांचे 3,90,000 रुपयांचे छापील कोटेशन पाठवले आहे. दहा वर्षांची गॅरंटी आहे, पण निम्मे पैसे आगाऊ हवे आहेत. गावातल्या माणसाकडून लेखी मागितले तर त्यांना वाईट वाटेल, असे बाबांचे म्हणणे आहे. काम कोणाला द्यावे आणि देताना काय पाहावे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपला कल गावातल्या कंत्राटदाराकडे आहे, हे पत्राच्या सुरावरून जाणवते, आणि माझाही तिकडेच आहे, मात्र त्यांनी सुचवलेले काम जसेच्या तसे करून घ्यावे, असे मला वाटत नाही. कौले उतरवून त्याच वाशांवर पत्रा टाकणे हा किनाऱ्यावर आज सर्रास केला जाणारा प्रकार आहे आणि वादळाच्या दृष्टीने तोच सर्वांत धोक्याचा आहे. त्याचे कारण आधी सांगतो, कारण पुढचे सगळे प्रश्न, म्हणजे माणूस कसा पारखावा, कागदावर काय असावे आणि पैसे कधी द्यावेत, हे त्या एका कारणाशी जोडलेले आहेत.

वादळात छप्पर दाबाने खाली बसत नाही, ते वर उचलले जाते. वारा पाख्यावरून वेगाने सरकतो तेव्हा आढ्याजवळ, वळचणीला आणि कोपऱ्यांवर ओढ निर्माण होते. त्यातच एखादी खिडकी किंवा दार उघडले, तर आत शिरलेला वारा खालूनही रेटा देतो. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्याला धडकले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी सुमारे 110 किलोमीटर होता. अभियंते वापरतात त्या हिशेबाने या वेगाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 57 किलो भरतो, आणि छपराच्या कडांवर ओढीचे प्रमाण त्याहूनही अधिक असते. आता आपल्या कौलांचे वजन पाहा. एका मंगळुरी कौलाचे वजन अडीच किलोच्या आसपास असते आणि चौरस मीटरला साधारण पंधरा कौले बसतात, म्हणजे पस्तीस-चाळीस किलो वजन वाशांवर कायम असते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन त्याच जागेत पाच किलोच्या आतबाहेर भरते. जुन्या घरांचे वासे भिंतीवरच्या आडव्या लाकडाला एखाद्या खिळ्याने ठोकलेले असतात, आणि ते लाकूडही चिऱ्यावर नुसते टेकलेले असते, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्यांना जागेवर धरून ठेवण्याचे काम कौलांच्या वजनानेच केले. ते वजन काढून घेतले आणि त्याच्या जागी बोल्ट, पट्ट्या किंवा काँक्रीटमधली सळई असे दुसरे काहीच आले नाही, तर आपण वाऱ्याचे काम सोपे करून दिलेले असते. 2020 मध्ये कौलारू घरांची कौले उडाली आणि वासे बहुधा जागेवर राहिले, तर कित्येक पत्र्याच्या घरांचे छप्पर सांगाड्यासकट उचलले जाऊन शेजारच्या वाडीत पडले, यामागचे कारण हेच आहे.

म्हणून कंत्राटदाराशी पहिली भेट ठरेल तेव्हा पत्रा कोणत्या कंपनीचा आणि रंग कोणता, या विषयाला हातच घालू नये. त्यांना एवढेच विचारावे की हे छप्पर भिंतीला कशाने धरलेले राहील. ज्याला काम कळते तो माणूस लगेच भिंतीच्या माथ्याकडे पाहतो. चिऱ्यावर सळईचा काँक्रीटचा पट्टा ओतावा लागेल का, त्यात बोल्ट आधीच पुरून ठेवायचे की नंतर भोक पाडून बसवायचे, वाशाला आणि भिंतीला जोडणारी लोखंडी पट्टी कुठे येईल, याविषयी तो बोलू लागतो. ज्याचे उत्तर “आपला पत्रा कुठे जात नाही, काळजी करू नका” एवढ्यावर संपते, त्याला चहा द्यावा आणि निरोप द्यावा, मग तो गावातला असो की पुण्याचा.

दुसरी पारख अधिक सोपी आहे आणि तिच्यासाठी तांत्रिक ज्ञान लागत नाही. प्रत्येक कंत्राटदार आपली नवी कामे दाखवतो, मोबाइलमधले फोटो दाखवतो, आणि नवे छप्पर तर कोणाचेही चांगलेच दिसते. आपण त्यांना 2020 च्या पावसाळ्याआधी किनाऱ्याजवळ घातलेली दोन-तीन छपरे दाखवायला सांगावीत. त्या छपरांनी निसर्ग पाहिलेले आहे, मे 2021 मध्ये किनाऱ्याला समांतर गेलेले तौक्ते पाहिलेले आहे आणि त्यानंतरचे सगळे खारे पावसाळेही काढले आहेत. तिथे घरमालकांशी कंत्राटदाराच्या अनुपस्थितीत बोलावे आणि दोनच गोष्टी विचाराव्यात : वादळात काय गेले, आणि गेल्यावर हा माणूस किती दिवसांनी आला. काहीच गेले नाही, असे सांगणारे कंत्राटदार मला फारसे विश्वासार्ह वाटत नाहीत. वळचणीचे दोन पत्रे गेले, तिथे स्क्रू कमी पडले होते, आता कडेला दुप्पट मारतो, असे सांगणारा माणूस मला अधिक भरवशाचा वाटतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर सर्वांत मोलाचे आहे. निसर्गनंतर पत्र्यांची आणि कौलांची टंचाई झाली, भाव चढले, टाळेबंदीमुळे कारागीर मिळेनात आणि कित्येक गावांत वीज व फोन दीर्घकाळ बंद होते. त्या दिवसांत जो माणूस ताडपत्री घेऊन दारात उभा राहिला, त्याची बरोबरी छापील गॅरंटीने होत नाही. गावातल्या कंत्राटदाराकडे माझा कल आहे, तो या एका कारणासाठी. आईबाबा तिथे एकटे आहेत. जूनच्या रात्री पत्रा वाजू लागला, तर ते पुण्याला फोन करतील की दोन घरे सोडून हाक मारतील, याचा विचार आपण करावा.

पुण्याच्या फॅब्रिकेटरवर मी अन्याय करू इच्छित नाही. लोखंडी सांगाडा नीट घातला तर तो वाळवी लागलेल्या लाकडापेक्षा निश्चित बरा, आणि छापील कोटेशन देणारा माणूस निदान कागदावर बोलतो. पण त्या कोटेशनमध्ये काय लिहिलेले नाही, ते पाहावे. बहुतेक कोटेशनांत चौरस फुटाचा दर, पत्र्याची जाडी आणि रंग असतो. पाइपाची जाडी, दोन पर्लिनमधले (म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पाइपांमधले) अंतर, स्क्रूची संख्या आणि सांगाडा भिंतीला कसा जोडणार, हे नसते. पत्र्याच्या जाडीतही एक खाच आहे : अर्धा मिलिमीटर हा आकडा कधी रंग आणि मुलाम्यासकट असतो, कधी नुसत्या पोलादाचा, कोणता आहे, हे लिहून घ्यावे. लोखंड वजनावर विकले जाते, त्यामुळे सांगाड्यात एकूण किती किलो लोखंड लागेल, हे प्रामाणिक फॅब्रिकेटर सांगू शकतो. माल आला की काट्याची पावती मागावी. पाइप पातळ वापरला गेला की वजन घटते आणि ती घट पावतीत दिसते; डोळ्यांना रंगाखाली काहीच दिसत नाही.

खाऱ्या हवेचा मुद्दा लोखंडाच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. पाइप बाहेरून गंजतो तो दिसतो आणि रंगवता येतो, पण टोके उघडी राहिली की दमट वारा आत शिरतो आणि पाइप आतून खाऊ लागतो. वरून रंग चांगला असलेला पाइप बोटाने दाबला तर आत जातो, असे प्रकार किनाऱ्यावर नवे नाहीत. म्हणून प्रत्येक पाइपाचे टोक पत्र्याची टोपी वेल्ड करून बंद करावे, वेल्डिंगच्या जागा घासून त्यांवर झिंकचा प्रायमर द्यावा आणि शक्य असेल तिथे जस्ताचा मुलामा दिलेला पाइपच वापरावा, या तीन ओळी कोटेशनमध्ये घालायला सांगाव्यात. या ओळींमुळे खर्च थोडा वाढेल. तो वाढू द्यावा, आणि हवे तर पत्र्याचा महागडा रंग सोडून द्यावा.

आता आपल्या घराला काय शोभेल, याविषयी. आईबाबा बाराही महिने तिथे राहत असतील, तर नुसत्या पत्र्याखालचा एप्रिल-मे आणि पावसाचा आवाज त्यांना सहन होईल का, हे त्यांनाच विचारावे. कौले हवीत पण वानरांचा आणि दरवर्षीच्या शाकारणीचा त्रास नको, असे म्हणणारे अनेक जण आता खाली पत्रा आणि वर कौले अशी रचना करतात. कौल फुटले तरी पाणी आत येत नाही, ऊनही कमी लागते आणि वजनही टिकते. अशा रचनेत सांगाडा अर्थातच त्या वजनाचा हिशेब करून घालावा लागतो आणि खर्च वाढतो. नुसतीच कौले ठेवायची असतील, तर वळचणीच्या आणि कडेच्या ओळींतली कौले त्यांच्या पाठीमागच्या भोकातून तारेने रिपेला बांधून घ्यावीत आणि आढ्यावरचे कोने नुसते न ठेवता चुन्यासिमेंटात पक्के बसवावेत; एवढ्याशा कामाने वादळातले बरेच नुकसान टळते आणि मजुरीखेरीज त्याला फारसे काही लागत नाही. सिमेंटच्या पत्र्यांचा विचार मात्र मनातून काढून टाकावा. ते ठिसूळ असतात, माडाचा एक नारळ त्यांना पुरेसा होतो, आणि दुरुस्तीसाठी चढलेला माणूस पत्रा मोडून खाली पडल्याच्या घटना नेहमी घडतात.

पडवीविषयी एक आग्रहाची सूचना आहे. फॅब्रिकेटर मुख्य पाख्याचाच पत्रा लांबवून पडवी झाकतात, कारण त्यात जोड वाचतो आणि पाणी सरळ निघून जाते. पण पडवी तिन्ही बाजूंनी उघडी असते, वारा तिच्या खाली अडकतो आणि तिथून उचललेला पत्रा घरावरचा पत्राही सोबत घेऊन जातो. पडवीचे छप्पर थोडे खाली, स्वतंत्र सांगाड्यावर घ्यावे. गेलेच तर ते एकटे जाईल. वळचण भिंतीबाहेर फार काढू नये, असे अभियंते सांगतात आणि ते बरोबरच आहे, परंतु कोकणातला पाऊस भिंतीवर आडवा येतो, हेही खरे आहे. दीड फुटाच्या आसपास थांबावे आणि त्याहून जास्त हवी असेल, तर तिला खालून तिरपा आधार देऊन घ्यावा. पाख्याचा उतार कमी करू देऊ नये. उतार कमी केला की पत्रा कमी लागतो, म्हणून तो कमी करण्याचा मोह कंत्राटदाराला होतो, पण सपाट छपरावर वाऱ्याची ओढ वाढते आणि जोडांतून पाणीही मागे चढते.

पत्रा बसवताना कोणीतरी जवळ उभे राहणे गरजेचे आहे, कारण अखेरीस सगळे येऊन थांबते ते स्क्रूवर. 1974 च्या नाताळात ऑस्ट्रेलियातले डार्विन शहर ट्रेसी चक्रीवादळाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा तपासात असे आढळले की पुष्कळ ठिकाणी पत्रे एका झटक्यात फाटले नव्हते. वाऱ्याने ते तासन्‌तास फडफडत राहिले, स्क्रूभोवती बारीक चिरा गेल्या आणि मग स्क्रू जागेवर राहून पत्रा त्याच्या डोक्यावरून निघून गेला. पत्रा फडफडू नये, यासाठी पर्लिन मध्यभागी साधारण चार फुटांवर आणि वळचणीला व आढ्याजवळ त्याहून जवळ घ्याव्यात. छपराच्या चारही कडांना पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू मारावा आणि मधल्या भागात एकाआड एक मारला तरी चालेल. स्क्रू किती आवळला आहे, ते रबरी वॉशरवरून कळते. रबर धातूच्या टोपीच्या कडेबाहेर किंचित फुगलेले दिसावे. ते बोटाने फिरत असेल, तर स्क्रू ढिला आहे. रबर चिरडून बाहेर आले असेल आणि पत्र्याला खळगा पडला असेल, तर त्या खळग्यात पाणी साचेल आणि पहिला गंज तिथेच धरेल. पत्रा कापताना ग्राइंडरच्या ठिणग्यांतून आणि भोके पाडताना लोखंडाचा जो कीस उडतो, तो नव्या पत्र्यावर तसाच राहिला तर किनाऱ्याच्या हवेत चार-आठ दिवसांत तांबूस ठिपके उठतात आणि तिथून रंग सोलू लागतो. त्या दिवसाचे काम संपले की मऊ झाडूने पत्रा झाडून घ्यावा, ही अट लहान वाटली तरी लिहून ठेवावी. कारागीर हसतील, पण झाडतील.

आपण दोघे भावंडे लांब असल्यामुळे हे पाहणार कोण, हा प्रश्न उरतोच. बाबांना शिडीवर चढू देऊ नये, हे वेगळे सांगायला नको. दापोलीत सिव्हिलची पदविका घेतलेले तरुण अभियंते घरबांधणीची कामे पाहतात. त्यांपैकी एखाद्याला दोन भेटींचे पैसे द्यावेत : एक भेट सांगाडा उभा राहिल्यावर, पण पत्रा चढण्याआधी, आणि दुसरी पत्रा बसल्यावर. पहिली भेट कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये. भिंतीवरचे बोल्ट, पट्ट्या आणि वेल्डिंग हे सगळे पत्र्याखाली गेल्यावर दिसेनासे होते, आणि ज्यावर आईबाबांची वादळी रात्र अवलंबून आहे ते नेमके तिथेच असते.

आता बाबांच्या संकोचाकडे वळू. तो खरा आहे आणि हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांच्या वडिलांनी आपले घर शाकारले, ज्यांच्याशी गणपतीत आणि शिमग्यात जाणेयेणे आहे, त्यांच्यापुढे करारनामा ठेवला, तर “आमच्यावर विश्वास नाही का?” हा प्रश्न येणारच. तेव्हा करारनामा हा शब्दच काढू नये. बाबांनी एवढेच सांगावे की मुले दोन गावांना आहेत, पैसे तीच पाठवणार आहेत, आणि दोघांनाही एकच माहिती हवी म्हणून काय काय करायचे ते एका कागदावर मांडू या. कागद आपण तयार करावा, त्यांच्यासमोर वाचून दाखवावा आणि त्यांनी सुचवलेले बदल त्यांच्यादेखत करावेत. त्यात माणसाविषयी अविश्वासाचे एकही वाक्य नसावे, सगळी वाक्ये मालाविषयी आणि कामाविषयी असावीत : कोणते लाकूड बदलणार, पट्टा किती लांबीचा, बोल्ट किती, पत्रा कोणत्या जाडीचा, काम कधी सुरू आणि कधी पूर्ण. खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. “करता करता बघू” याला माझा विरोध आहे, पण जुने छप्पर उतरवल्याशिवाय किती वासे कुजले आहेत हे कोणालाच सांगता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. त्यासाठी बदलायच्या वाशाचा दर आधी ठरवून ठेवावा आणि संख्या उतरवल्यावर मोजावी. माझा अनुभव असा आहे की चांगल्या कारागिराला असा कागद आवडतो, कारण घरच्यांची नंतर निघणारी नवी नवी फर्माइश त्यालाही नको असते.

उतरवलेल्या मालाविषयीचे वाक्य त्या कागदात विसरू नये. आपल्या वाशांत सागाची किंवा आईनाची चांगली लाकडे असण्याची शक्यता आहे, जुन्या कौलांनाही गिऱ्हाईक आहे, आणि “भंगार आम्ही घेऊन जाऊ” असे सहज म्हणणाऱ्या कंत्राटदाराला त्याची किंमत पक्की ठाऊक असते. ते कोणाचे, आणि त्यांनी घेतले तर बिलातून किती वजा होणार, हे आधीच ठरावे. वर चढणाऱ्या कामगारांसाठी कमरेचा पट्टा आणि दोर कंत्राटदार आणणार आहे की नाही, तेही विचारावे. आपल्या अंगणात कोणी पडला, तर त्याचे दुःख आणि जबाबदारी दोन्ही आपल्या दारात येतात.

पैशांचे म्हणाल, तर निम्मी रक्कम आगाऊ देऊ नये, ना गावात ना पुण्यात. विसार म्हणून दहा-पंधरा टक्के द्यावेत. पत्रा, पाइप आणि सिमेंट यांचे पैसे दुकानदाराच्या खात्यावर आपण थेट भरावेत आणि पक्के बिल आपल्या किंवा बाबांच्या नावाने घ्यावे. ज्याला मालासाठी आगाऊ हवे आहेत, त्याची यात काहीच अडचण होऊ नये, आणि झाली तर ती का झाली, याचा विचार करावा. पुढचा हप्ता अभियंत्याने सांगाडा पाहिल्यावर, त्यानंतरचा पत्रा बसल्यावर. शेवटचे दहा टक्के जुलैअखेरपर्यंत हातात ठेवावेत आणि हे पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगावे. मृगाच्या सरींत न दिसलेली गळती जुलैच्या सलग पावसात दिसते, आणि राहिलेले पैसे घ्यायला येणारा माणूस गळती काढूनच जातो.

दहा वर्षांच्या गॅरंटीविषयी : ती कोण देतो आणि कशाची, हे वाचून पाहावे. पत्रा बनवणारी कंपनी रंगाची आणि गंजून भोक न पडण्याची हमी देते, आणि अशा वॉरंटीपत्रांत समुद्रापासून ठरावीक अंतराच्या आतली घरे पुष्कळदा वगळलेली असतात. आपले घर दहा मिनिटांवर असल्यामुळे हे कलम आधी शोधावे. बसवणाऱ्याच्या गॅरंटीत “नैसर्गिक आपत्ती वगळून” असे असेल, तर किनाऱ्यावरच्या छपरासाठी तिच्यात फारसे काही उरत नाही. गळती, ढिले झालेले स्क्रू आणि वेल्डिंग यांची दोन वर्षांची साधी लेखी हमी मला त्याहून उपयोगी वाटते. वाद झालाच, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते, म्हणजे ठाण्याहूनच. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल, तर शुल्कही लागत नाही. तेथे बिले, बँकेतून दिलेले पैसे आणि तो सह्यांचा कागद कामी येतात, रोख दिलेले पैसे येत नाहीत.

त्याच बिलांचा आणखी एक उपयोग आहे. जुने छप्पर उतरवण्याआधी, सांगाडा उभा असताना आणि काम संपल्यावर तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढे वादळाने नुकसान झाले तर तलाठ्याच्या पंचनाम्याच्या वेळी घर आधी कसे होते, हे दाखवता येते, आणि विमा असेल तर दाव्यालाही आधार मिळतो. एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे भारत गृह रक्षा ही एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते आणि तिच्यात वादळाचे नुकसान समाविष्ट आहे. घरपट्टीच्या उताऱ्यावर नाव कोणाचे आहे, ते एकदा पाहून घ्यावे. आजोबांच्याच नावावर राहिलेली घरे कोकणात थोडी नाहीत आणि त्याची आठवण नेमकी पंचनाम्याच्या दिवशी होते. छपराची उंची किंवा घराचे क्षेत्र वाढवणार असाल, तर किनारपट्टीच्या नियमांमुळे ग्रामपंचायतीत आधी विचारणे इष्ट.

राहिला वेळेचा प्रश्न. आपले पत्र जानेवारीत लिहिलेले आहे, म्हणजे वेळ आहे, पण वाटतो तितका नाही. होळीच्या आधी आणि नंतर शिमग्याच्या पालख्यांमुळे गावातले कारागीर मिळत नाहीत आणि परप्रांतातले वेल्डरही त्याच सुमारास आपल्या गावी जातात. एप्रिलच्या अखेरीपर्यंत पत्रा किंवा कौले चढलेली असायला हवीत, कारण अरबी समुद्रातली वादळे मे-जूनमध्ये येतात आणि उतरवलेल्या छपराचे घर त्यांना आयतेच सापडते. फेब्रुवारी संपेपर्यंत कागदावर सह्या झाल्या नाहीत, तर यंदा छप्पर उतरवू नये. त्याऐवजी गावातल्याच त्या कंत्राटदारांकडून पोखरलेल्या वाशांना जोड द्यावेत, कडेची कौले तारेने बांधून घ्यावीत, वासे भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी जखडावेत, पडवीवर वाकलेल्या माडांच्या झावळ्या आणि नारळ उतरवून घ्यावेत आणि मुख्य काम दिवाळीनंतर हाती घ्यावे. नोव्हेंबरही पूर्ण निर्धोक नसतो. 2009 मध्ये फयान चक्रीवादळ 11 नोव्हेंबरला आले होते, म्हणून हवामान खात्याचा अंदाज पाहूनच कौले उतरवायला सुरुवात करावी. या लहान कामाला फार पैसे लागणार नाहीत, आणि हा माणूस सांगितलेले काम सांगितल्या दिवशी करतो की नाही, हे मोठे काम देण्याआधी आपल्याला कळेल.